सामान सांभाळायला कोण?

"मी बसते इथे. तुम्ही जाऊन या."

हे वाक्य तुमच्या घरात कोण म्हणतं? आमच्या घरात आई म्हणते. माझ्या आठवणीतल्या प्रत्येक सहलीत हे वाक्य आहे आणि त्याच्यामागे एक बाक, एक झाड किंवा एखाद्या हॉटेलाची पायरी आहे, तिथे सहा पिशव्या, दोन वॉटरबॅगा, कुणाचा तरी स्वेटर, आणि मधे आई. आम्ही वर जायचो, 'पॉइंट' बघायचो, आरडाओरडा करून प्रतिध्वनी ऐकायचो आणि तासाभराने खाली यायचो. आई डबा उघडून तयार असायची. "छान होतं का?" विचारायची. आम्ही तोंडात पोळी कोंबत "हो" म्हणायचो. संपलं.

हे इतकं नेहमीचं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला चव्वेचाळीस वर्षं वाटलं नाही. २०२४ च्या डिसेंबरात अंदमानात वाटलं. म्हणून आज हे लिहायला बसलेय. (दादा, तू हे वाचणार आहेस हे माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

तर मंडळी, आम्ही चौघं. आई, वय ७३. मी. नवरा. आणि चिरंजीव, वय १३, ज्याला समुद्र सोडून कशातच रस नव्हता. पुणे, चेन्नई, पोर्ट ब्लेअर. या गावाचं नाव २०२४ च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं, पण विमानापासून रिक्षापर्यंत सगळे अजून जुनंच म्हणत होते, तेव्हा मीही तेच म्हणते.

पहिल्या दिवशी अर्थातच सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानला गेला आणि आधी समुद्रावर गेला असं होत नाही. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललेलं हे कारागृह. मधे मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात रांगा. आता त्यातल्या तीनच उरल्यात. रचना अशी की एका रांगेतल्या कोठडीच्या दारातून समोर दिसते ती पुढच्या रांगेची पाठ. म्हणजे समोरचा कैदीही दिसायचा नाही. आई एकेक जिना चढत सावरकरांच्या कोठडीपर्यंत गेली, आत पाच मिनिटं उभी राहिली, बाहेर आली आणि मग गच्चीवरही गेली. गच्चीवरून बंदर दिसतं, आणि बंदराच्या पलीकडे एक गर्द हिरवा डोंगर.

"तिथे वर काय आहे?" आईने विचारलं.

नवऱ्याने सांगितलं, माउंट हॅरिएट. उद्या जायचंय आपल्याला.

"तिथून हे दिसत असेल," आई म्हणाली. एवढंच.

आता इथे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. जेलमध्ये आई एवढे जिने चढली, आणि आमच्यापैकी एकानेही "आई, गुडघा सांभाळ, तू बस खाली" असं म्हटलं नाही. का? कारण ते दर्शन होतं. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईने पुण्यासाठी कितीही चढावं, चालावं, कुणी अडवत नाही. जेजुरीच्या पायऱ्यांवर सत्तरीच्या आज्या बघा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायका बघा. त्यांना आपण वाकून नमस्कार करतो. पण तीच आजी नुसतं वर काय आहे ते बघायला, नुसत्या मजेसाठी चढते म्हणाली की घरातल्या सगळ्यांना एकदम तिची हाडं आठवतात. देवासाठी झिजलेले गुडघे चालतात. हौसेसाठी नाही.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चाथमच्या धक्क्यावरून पलीकडच्या बांबू फ्लॅटला फेरीबोट जाते. गाड्या, स्कूटरी, कोंबड्यांच्या पाट्या, शाळेची मुलं, सगळे एकत्र. चाथमला १८८३ सालची लाकूड कापायची सरकारी गिरणी आहे, लाकडाचा वास धक्क्यावरही येतो की तो माझा भास होता, माहीत नाही. चिरंजीव बोटीच्या कठड्याला लटकले. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. मग रस्ता किनाऱ्याने होपटाऊनवरून जातो आणि डोंगर चढायला लागतो.

होपटाऊनला ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि लॉर्ड मेयोची गोष्ट सुरू केली. ती खरीच विलक्षण आहे. मेयो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. ८ फेब्रुवारी १८७२ ला तो याच डोंगरावर सूर्यास्त बघायला गेला. बघून उतरेपर्यंत अंधार पडला. धक्क्यावर बोटीत चढायच्या वेळी शेरअली आफ्रिदी नावाच्या पठाण कैद्याने त्याला सुऱ्याने भोसकलं. पदावर असताना खून झालेला तो एकमेव व्हाइसरॉय. शेरअलीला पुढच्याच महिन्यात व्हायपर बेटावर फाशी दिलं. ड्रायव्हर हे सगळं हिंदीतून, जणू काल घडल्यासारखं सांगत होता. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अंधार पडायच्या आत उतरावं माणसाने." हा तिचा व्हाइसरॉयच्या हत्येवरचा अभिप्राय.

(हे चेष्टेत लिहिलं तरी सल्ला खरा आहे. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाच वाजून थोड्याच वेळात सूर्य मावळतो. रानात त्याच्याही आधी अंधारतं. पुण्याच्या हिशेबाने 'चारला चढू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

डोंगर फार उंच नाही, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या थोडा वर. सिंहगडवाल्यांना हसू येईल. पण समुद्र थेट पायाशी असल्यामुळे उंची सगळी डोळ्यात भरते. हॅरिएट हे नाव कुणाचं, तर १८६२ ते १८६४ या काळात इथल्या कैदी वसाहतीचा प्रमुख असलेल्या टायटलर नावाच्या अधिकाऱ्याच्या बायकोचं. ही बाई १८५७ मध्ये दिल्लीला वेढा घातलेल्या इंग्रज छावणीत होती. दिवस भरत आले होते. बाकीच्या बायकांना तिथून हलवलं, हिला त्या अवस्थेत हलवता येईना, ती राहिली आणि छावणीतच एका गाडीत बाळंत झाली. ती आपल्या विरुद्ध बाजूची, हे मान्य. पण तिला आयुष्यात कुणी "तू बस इथे, आम्ही जाऊन येतो" असं म्हटलं असेल असं वाटत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात डोंगराचं नाव बदलून माउंट मणिपूर केलं. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर महाराजा कुलचंद्र आणि त्यांच्याबरोबरच्या बावीस जणांना काळ्या पाण्यावर पाठवलं होतं. सेल्युलर जेल तेव्हा बांधलेलंच नव्हतं. त्यांना या डोंगरावर ठेवलं होतं. खालच्या जेलमध्ये नंतर जे आले त्यांच्यासमोर भिंतीशिवाय काही नाही, आणि या तेवीस माणसांसमोर अख्खं बंदर, बेटं, समुद्र, आणि घरी जायची वाट नाही. दोन्हींतलं वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वरपर्यंत गाडी जाते. वनखात्याच्या चौकीवर तिकीट काढायचं. वर जुन्या बंगल्याचे अवशेष (इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात इथे येऊन राहायचे), बाकं, बसायला छत्र्या, आणि मुख्य म्हणजे तो प्रसिद्ध देखावा. जुन्या तांबूस वीस रुपयांच्या नोटेच्या मागे नारळाची झाडं आणि दीपस्तंभ असलेलं चित्र होतं ना, ते. सगळे पर्यटक इथे नोट हातात धरून फोटो काढतात. आता गंमत अशी की नोटेवरच्या चित्राचं वर्णन 'माउंट हॅरिएट आणि पोर्ट ब्लेअरचा दीपस्तंभ' असं आहे. म्हणजे डोंगर स्वतःच चित्रात आहे. मग चित्र त्याच डोंगरावरून कसं दिसेल? ते समोरच्या किनाऱ्यावरून, पोर्ट ब्लेअरहून दिसतं. मी हे ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, सब लोग यहीं से फोटो लेते हैं." वाद संपला.

नवऱ्याने खिशातून नोट काढली तर ती नवीन, २०१९ नंतरची हिरवट-पिवळी. तिच्या मागे वेरूळ! अंदमानच्या डोंगरावर उभं राहून आम्ही वेरूळची लेणी समुद्रासमोर धरून उभे. जुनी नोट निघाली ती आईच्या पाकिटातून, चार घड्या घातलेली. आईने दोन्ही नोटा बघितल्या आणि म्हणाली, "वेरूळ मी सगळं बघितलंय. तिथे पिशव्या घेऊन आत जाता येतं."

मी हसले. नवरा हसला. आई हसली नाही. ती चेष्टा नव्हतीच, ती माहिती देत होती. हे मला साधारण दहा मिनिटांनी कळलं.

मग जेल शोधायचा कार्यक्रम झाला. समोर बंदर, रॉस बेट (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप), नॉर्थ बेचा दीपस्तंभ, पलीकडे गावाची पांढुरकी दाटी. त्यातलं जेल कुठलं यावर चार जणांची चार मतं पडली. आईने एक ठिपका पक्का केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी तिला सांगितलं नाही की मला तो कसलासा गोदामाचा पत्रा वाटतोय.

आणि मग ती पाटी. काला पत्थर, दोन किलोमीटर. रानातली पायवाट. नवरा आणि चिरंजीव बुटांच्या नाड्या आवळायला लागले. आणि मी काय करत होते? मी सावलीतलं बाक शोधत होते. कुणी सांगितलं नव्हतं, आईने काही म्हटलं नव्हतं. माझे डोळे आपोआप एक बरंसं बाक शोधत होते आणि हात आपोआप पिशव्या त्याच्यावर ठेवत होते. डबा, छत्री, चिरंजीवांचा टॉवेल, माझी पर्स. ड्रायव्हरही म्हणाला, "माताजी को यहीं बिठा दीजिए, हवा अच्छी है."

आई बाकाशेजारी उभी राहिली. बसली नाही. मग म्हणाली, "मी आले तर चालेल का?"

चालेल का? त्र्याहत्तर वर्षांची बाई, जिने दोन मुलं वाढवली, बावीस वर्षं शाळेत शिकवलं, बाबांच्या आजारपणात तीन वर्षं एकटीने सगळं निभावलं, ती मला परवानगी विचारत होती. आणि मी काय म्हणाले ते इथे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "अगं, पण गुडघा? आणि सामान?"

"गुडघा माझा आहे," आई म्हणाली. "आणि २०२१ चा आहे. तुमच्या गाडीपेक्षा नवा."

सामानाचं उत्तर नवऱ्याने दिलं. त्याने सगळ्या पिशव्या उचलल्या, गाडीच्या डिकीत टाकल्या आणि डिकी बंद केली. अर्धा मिनिट लागलं. चाळीस वर्षांचा प्रश्न.

निघालो. दादाला फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं होतं, पण रेंज नव्हती. देव आहे.

पायवाट फार चढाची नाही, पण सरळही नाही. सदाहरित रान म्हणतात ते काय असतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. इथे झाडं इतकी उंच की मान वर करून बघितलं तरी शेंडा दिसत नाही, बुंध्यांना भिंतींसारखी आधारमुळं, वेताची काटेरी जाळी, आणि खाली मुळांचं जाळं. दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेलेला, त्यामुळे पाला ओला. उजेड हिरवा. एक लांब शेपटीचा काळा पक्षी बराच वेळ आमच्या पुढे पुढे उडत होता, आपल्या कोतवालाच्याच जातीचा. आई एका हातात काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवून सगळ्यांत पुढे. हे नवऱ्याचं डोकं, आणि मी त्याचं जाहीर कौतुक करते. सर्वांत हळू चालणारा पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागे, त्याच्या चालीने. हळू माणूस मागे राहिला की त्याला आपण ओझं झालोय असं वाटत राहतं, आणि पुढचे थांबून थांबून 'झालं का?' अशा नजरेने बघतात. तो पुढे असला की ती त्याची सहल होते.

वीस मिनिटांत जळवा. चिरंजीवांच्या पोटरीवर एक, सॉक्सवर दोन. त्याने जो आरडाओरडा केला त्याने पक्षी पळाला. मी घाबरून ओढायला गेले तर आई म्हणाली, "ओढू नको, तोंड आत राहतं." तिने पदराच्या टोकाची पुरचुंडी सोडली. मीठ! सकाळी नाश्त्याला उकडलेल्या अंड्यांबरोबर आलेलं मीठ तिने बांधून घेतलं होतं. आईचं लहानपण आंबोलीच्या पायथ्याशी गेलंय, पावसाळ्यात शाळेत जाताना जळवा ही रोजची गोष्ट. हे मला माहीत होतं, पण गोष्टीसारखं माहीत होतं. म्हणजे सकाळी खोलीत बसून मीठ बांधत होती तेव्हाच तिचं ठरलेलं होतं. बाकाशी उभी राहून विचारलं ते फक्त आमच्या सोयीसाठी.

अर्ध्या वाटेत एक ओंडका आडवा पडला होता. तिथे बसलो. मी बाटली पुढे केली, आई नको म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिने सकाळपासून पाणीच प्यायलेलं नाही. कुठल्याच सहलीत पीत नाही. कारण बायकांना चांगलं ठाऊक आहे. पॉइंटवर रेलिंग असतं, बाक असतं, मक्याची कणसं असतात, वाटेत आडोसा नसतो. 'आईला चढायचा कंटाळा आहे' असं आपण ज्याला म्हणतो त्यातला निम्मा हा असतो. बाकाजवळ बसलं की निदान संडास जवळ असतो. हे इतकं साधं आणि इतकं न बोललेलं कारण आहे. ओंडक्यावर बसून पहिल्यांदा ते आईने मला सांगितलं आणि नवरा आणि चिरंजीव पुढे जाऊन झाडाकडे बघत उभे राहिले. आडोसा रानात भरपूर होता. मग तिने अर्धी बाटली पाणी एका दमात प्यायली.

आणि मग यादी सांगितली. विचारली मीच. "आई, तू काय काय बघितलं नाहीस?"

रायगड, १९८९. आम्ही सगळे पायऱ्यांनी वर, आई पाचाडला. धाकटी मी, नऊ वर्षांची, मी गेले वर. आई खाली, कारण काकांच्या दोन पोरांना ताप होता आणि कुणीतरी थांबायला हवं होतं. "पाचाडला जिजाबाईंची सोबत होती," आई म्हणाली. जिजाबाईंचा वाडा आणि समाधी पाचाडलाच आहे. रोपवे १९९६ मध्ये झाला, पण तोवर आमच्या घरात रायगड 'बघून झालेला' होता. माथेरान, दोनदा. माथेरानला माकडं, त्यामुळे पिशव्यांपाशी माणूस हवंच. कन्याकुमारी. बोटीची रांग लांब, विवेकानंद शिलेवर बाकी सगळे गेले, आई किनाऱ्यावर नऊ जणांच्या पिशव्या मोजत. महाबळेश्वरला कुठल्याशा पॉइंटपर्यंत ती पोचली होती, पण तेव्हा दादाला ओकारी झाली. (सॉरी दादा.)

तक्रारीच्या सुरात नाही हं. वाणसामानाची यादी सांगावी तसं. मी मात्र आतून गार पडत गेले, कारण या प्रत्येक ठिकाणी 'वर' मी होते. टकमक टोकाशी बाबांचा हात धरून उभी असलेली मी मला आठवते. वारा होता, थंडी वाजली होती, स्वेटर खाली आईपाशी होता. टकमक टोकानंतर बाबांनी हिरकणीची गोष्टही सांगितली होती. बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेली आई. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला कडा उतरणारी आई फार आवडते. ती कडा चढून वर का आली होती, तर दूध विकायला. नुसतं वर काय आहे ते बघायला आली असती तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का, शंका आहे.

घरी आल्यावर मी जुने अल्बम काढून बघितले. डोंगरावरच्या एकाही फोटोत आई नाही. फोटो काढणारी म्हणूनही नाही, कारण फोटो बाबा काढायचे. डब्याच्या फोटोंत आहे.

काला पत्थरला पोचायला आम्हाला दीड तास लागला. तरण्या माणसाला पाऊण तास लागत असावा. एक काळा कातळ, त्याच्यापलीकडे एकदम दरी, खाली झाडांचे माथे आणि पुढे समुद्र. कैद्यांना इथून खाली ढकलून द्यायचे अशी गोष्ट ड्रायव्हर लोक सांगतात. मी ती आईला सांगितली नाही. एका दिवसात एक व्हाइसरॉय पुरे.

आई कातळापासून जरा मागे, झाडाला धरून उभी राहिली. बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"एवढंच होय?"

मला काय बोलावं कळेना. "एवढ्यासाठी तुम्ही सगळे पळत सुटायचात?" आणि आई हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चिरंजीवही हसायला लागले, काही न कळता. मग ती एका दगडावर बसली आणि पंचवीस मिनिटं उठायला तयार नव्हती. नवरा दोनदा घड्याळ बघून गेला. एवढंच असलेलं ते तिला पोटभर बघायचं होतं.

परत येताना ती घसरली. हे लपवून उपयोग नाही, कारण दादाला तळहाताच्या फोटोवरून कळलंच होतं. ओल्या मुळावरून पाय सरकला, बसकण मारली, तळहात सोलवटला. त्या दोन सेकंदांत माझ्या डोक्यातून हॉस्पिटल, विमान, दादा, सगळं जाऊन आलं. गुडघा दोन दिवस सुजला होता. बर्फ लावला. तेव्हा 'काही झालं नाही' असा या लेखाचा दावा नाही. झालं असतं. फोनवर दादाने जे ऐकवलं त्यातलं "पडली असती तर?" हे वाक्य चुकीचं नाही, ती पडलीच. त्याची काळजी खोटी नाही, हे मला माहीत आहे. पण माझी काळजी तपासून बघितली तेव्हा तिच्यात एक भाग निव्वळ सोयीचा निघाला. आई खाली बसली की आपण भराभर चालतो, डबा तयार मिळतो, पिशव्या खांद्यावर नसतात. याला आपण 'आईचे पाय दुखतात' म्हणतो. तिचे पाय तिशीत दुखत नव्हते, तेव्हाही ती खालीच होती. दादा, तुझी काळजी तू तपास. मी माझी तपासली.

आणि नाही, प्रत्येकाने आपल्या आईला उद्या कळसूबाईवर न्यावं असं मी म्हणत नाहीये. दोन दिवसांनी आम्ही चिडिया टापूला गेलो. तिथेही मुंडा पहाडकडे जाणारी एक पायवाट आहे. यावेळी मी बाक शोधलं नाही. विचारलं, "आई, येतेस?" ती पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "नाही गं, आज खरंच नाही. आज मी इथे बसणार." आणि बसली. पिशव्या आम्ही घेऊन गेलो. तिच्याकडे फक्त तिचं पाकीट आणि शेंगदाण्याची पुडी. परत आलो तेव्हा पुडी संपली होती आणि शेजारच्या एका बंगाली आजींशी मराठी-बंगालीतून सुनेच्या विषयावर बोलणं चाललं होतं.

काला पत्थरचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आई मधोमध, हातात काठी, केस विस्कटलेले, चिरंजीव एका बाजूला सॉक्स खाली केलेले. मावशीने चार बदाम पाठवले. काकूने 'जपून' लिहिलं. दादाचं बराच वेळ काही नाही. मग रात्री साडेअकराला एकच ओळ आली.

"सामान कोणाकडे होतं?"

डिकीत, दादा. कुलूप लावून.